जर-तरचा हिशेब



'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल कोणी 'असे झाले असते तर...' अशी सुरुवात केली, की घरातील वडीलधारे ही म्हण ऐकवतात आणि विषय मिटवून टाकतात. पण खेळाच्या बाबतीत ही म्हण कोणी मानत नाही. सामना संपतो, मैदानावरचे दिवे विझतात, माणसे घरी येऊन जेवायला बसतात, तरी 'शेवटचा फटका लागला असता तर' हे चालूच असते. त्यात वडील-मुलगा भांडतात आणि आई दोघांनाही गप्प बसवते.

आज असाच जर-तरचा हिशेब मांडू या. खेळ आहे बास्केटबॉल आणि देश आहे अमेरिका. तुम्ही म्हणाल, तिकडच्या खेळाशी आपला काय संबंध? शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

आधी थोडी माहिती. बास्केटबॉल हा खेळ डॉ. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड गावी शोधून काढला. थंडीच्या दिवसांत मुलांना छपराखाली खेळता यावे, म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला टांगल्या. पुढे या खेळाला धंद्याचे रूप आले. १९४६ साली मोठ्या शहरांतील संघमालकांनी एक संघटना काढली. १९४९ साली तिचे दुसऱ्या एका संघटनेशी एकत्रीकरण झाले आणि नाव पडले नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एन.बी.ए. आज जगातील सर्वांत श्रीमंत क्रीडा संघटनांत तिची गणना होते.

या एन.बी.ए.च्या इतिहासात 'जर' पुष्कळ आहेत. पण सगळे 'जर' एका जातकुळीचे नाहीत. माझ्या मते ते तीन प्रकारचे आहेत.

पहिला 'जर' : नाण्याचा

एन.बी.ए.त दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते. जो संघ मागच्या हंगामात दुबळा ठरला, त्याला आधी निवड करू द्यायची, म्हणजे पुढे तोही उभा राहील, असा त्यामागचा हेतू. पूर्वी दोन्ही विभागांत तळाला राहिलेल्या संघांमध्ये पहिला हक्क कोणाचा, हे चक्क नाणे उडवून ठरवीत.

१९६९ साली फिनिक्स आणि मिलवॉकी या संघांसाठी नाणे उडाले. फिनिक्सने आपल्या चाहत्यांना विचारले, छापा मागू की काटा? चाहत्यांनी कौल दिला छाप्याचा. पडला काटा. मिलवॉकीला मिळाला ल्यू अल्सिंडर हा सात फुटांहून उंच मुलगा. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने तो जगाला माहीत झाला. दोनच वर्षांनी, १९७१ साली, मिलवॉकी अजिंक्य ठरला. फिनिक्सला मात्र २०२५ पर्यंत एकदाही अजिंक्यपद मिळालेले नव्हते.

दहा वर्षांनी, १९७९ साली, हाच प्रकार शिकागो संघाच्या वाट्याला आला. त्यांनीही चाहत्यांना विचारले, चाहत्यांनी पुन्हा छापा सांगितला आणि पुन्हा काटाच पडला! लॉस एंजेलिस लेकर्स या संघाला मॅजिक जॉन्सन मिळाला. त्याने त्यांना पाच अजिंक्यपदे मिळवून दिली. शिकागोचे चाहते कपाळाला हात लावून बसले.

आता गंमत पाहा. मॅजिक जॉन्सन शिकागोला मिळाला असता, तर पाच वर्षांनी तो संघ तळाशी राहिला असता का? बहुधा नाही. आणि तळाशी राहिला नसता, तर १९८४ साली तिसऱ्या क्रमांकाची निवड त्यांच्याकडे आली नसती. त्या तिसऱ्या क्रमांकावर त्यांनी ज्याला घेतले, तो होता मायकेल जॉर्डन. त्याने शिकागोला १९९१ ते १९९८ या काळात सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. त्या वर्षी पहिली निवड ह्यूस्टनची होती. त्यांनी नायजेरियात जन्मलेला हकीम ओलाजुवान घेतला. दुसरी निवड पोर्टलंडची. त्यांनी सॅम बोवी हा उंच खेळाडू घेतला. त्याच्या पायाचे हाड महाविद्यालयात असतानाच मोडले होते आणि पुढेही पायाने त्याला साथ दिली नाही. पोर्टलंडचे लोक आजही हळहळतात, 'आपण जॉर्डनला घेतले असते तर!'

हळहळू द्या. यात अन्याय कोणावर झालेला नाही. नाणे कोणाचे तोंड पाहून पडत नाही. एका वर्षी जे नुकसान वाटले, तेच पुढे फायद्याचे ठरले. असल्या जर-तरच्या गप्पा माराव्यात, हसावे आणि झोपी जावे.

दुसरा 'जर' : बंद दाराचा

दुसऱ्या प्रकारचा 'जर' मात्र झोप उडवणारा आहे. तो नाण्याने ठरलेला नाही. माणसांनी, ठरवून, दार लावून घडवलेला आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय लोकांची मोठी वस्ती होती. तिथे १९२३ साली बॉब डग्लस या कृष्णवर्णीय गृहस्थाने एक व्यावसायिक संघ काढला. खेळायला जागा नव्हती. रेनेसाँ नावाचे एक नाचगाण्याचे सभागृह होते. सभागृहाचे नाव संघाला द्यायचे आणि त्या बदल्यात तिथे खेळायचे, असा सौदा ठरला. नाचाच्या गुळगुळीत फरशीवर सामने होऊ लागले. संघाला लोक लाडाने 'रेन्स' म्हणत.

हे रेन्स गावोगाव बसने फिरून खेळत. सामना पाहायला गोरे लोक पैसे मोजून येत, टाळ्याही वाजवीत. पण सामना संपल्यावर त्याच गावातील हॉटेलात रेन्सना खोली मिळत नसे, खाणावळीत ताट मिळत नसे. मग एखाद्या शहरात मुक्काम ठेवून तिथून शेकडो मैल जायचे, खेळायचे आणि रातोरात परत यायचे. आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

अशा स्थितीत १९३२-३३ च्या हंगामात त्यांनी ओळीने ८८ सामने जिंकले. १९३९ साली शिकागोत व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा भरली. काळे-गोरे दोन्ही संघ तिच्यात होते. अंतिम सामन्यात रेन्सनी ओशकोशच्या गोऱ्या संघाला ३४ विरुद्ध २५ गुणांनी हरवले. पुढच्याच वर्षी, १९४० साली, ती स्पर्धा हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या दुसऱ्या कृष्णवर्णीय संघाने जिंकली.

१९४६ साली मोठ्या शहरांची संघटना निघाली, तेव्हा तिच्यात एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नाही. गुणवत्तेचा प्रश्न होता काय? त्याचे उत्तर १९ फेब्रुवारी १९४८ रोजी शिकागोत मिळाले. त्या काळचा बलाढ्य गोरा संघ मिनियापोलिस लेकर्स आणि ग्लोबट्रॉटर्स समोरासमोर आले. लेकर्सकडे सहा फूट दहा इंच उंचीचा जॉर्ज मायकन होता. सतरा हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. शेवटच्या क्षणी अर्मर रॉबिन्सनने लांबून चेंडू टाकला आणि ग्लोबट्रॉटर्स ६१ विरुद्ध ५९ असे जिंकले. पुढच्या वर्षी पुन्हा गाठ पडली, तेव्हाही तेच जिंकले.

रेन्सना १९४८-४९ मध्ये दुसऱ्या संघटनेत, डेटन शहराच्या नावाने, अर्ध्या हंगामापुरती जागा मिळाली होती. पण दोन संघटना एक होऊन एन.बी.ए. झाली, तेव्हा हा संघ बाहेरच राहिला.

शेवटी १९५० साली दार किलकिले झाले. बोस्टनच्या वॉल्टर ब्राउन या मालकाने चक कूपरची निवड केली. वॉशिंग्टनने अर्ल लॉइडला घेतले. न्यूयॉर्कने ग्लोबट्रॉटर्सकडून नॅट क्लिफ्टनला आणले. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी अर्ल लॉइड मैदानात उतरला आणि एन.बी.ए.त खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

पण क्लिफ्टन आत आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. खेळाडूच्या आयुष्यातील भराची वर्षे तोवर निघून गेली होती. आणि १९३९ साली जग जिंकलेल्या रेन्सपैकी एकालाही एन.बी.ए.त पाऊल टाकता आले नाही. १९६३ साली संपूर्ण संघाला बास्केटबॉलच्या सन्मान दालनात स्थान दिले गेले. सन्मान झाला, चांगले झाले. पण दार चार वर्षे आधी, आठ वर्षे आधी उघडले असते तर? एन.बी.ए.च्या जुन्या विक्रमांच्या यादीत आज जी नावे आहेत, तीच राहिली असती काय? ती यादी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ती अपुरी आहे. अर्ध्या लोकांना बाहेर ठेवून लावलेल्या शर्यतीचा तो निकाल आहे.

दार उघडल्यावर काय झाले, तेही पाहा. १९५६ साली बिल रसेल हा तरुण निवडीसाठी आला. पहिली निवड असलेल्या रॉचेस्टरने त्याला घेतले नाही. दुसरी निवड असलेल्या सेंट लुईसने आपला हक्क दोन खेळाडूंच्या बदल्यात बोस्टनला देऊन टाकला. त्या रसेलच्या जोरावर बोस्टनने तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवली. १९६६ साली तोच एन.बी.ए.तील पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला. आज त्या संघटनेतील निम्म्याहून कितीतरी अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. एकेकाळी ज्यांना 'जमणार नाही' म्हटले, त्यांनीच तो खेळ डोक्यावर उचलून धरला.

मात्र दार एकदा उघडले म्हणजे ते सर्वांसाठी उघडे राहते, असे नाही. कॉनी हॉकिन्सची गोष्ट ऐका. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील गरीब वस्तीतला हा मुलगा. गल्लीतल्या मैदानांवर खेळून मोठा झाला. त्याचा हात एवढा मोठा, की चेंडू संत्र्यासारखा एका पंजात धरायचा. १९६० साली आयोवा विद्यापीठाने त्याला बोलावून घेतले. १९६१ साली सामने पैसे देऊन फिरवल्याचे एक मोठे प्रकरण उघडकीस आले. त्यातल्या मुख्य सट्टेबाजाकडून या मुलाने खर्चासाठी दोनशे डॉलर उसने घेतले होते. प्रकरण बाहेर येण्याआधीच त्याच्या भावाने ते परतही केले होते. शिवाय त्या वेळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मुख्य संघात खेळताच येत नसे. जो सामना खेळलाच नाही, तो फिरवणार कसा?

पण अठरा वर्षांच्या पोराचे ऐकतो कोण? पोलिसांनी त्याची अनेक दिवस चौकशी केली. सोबत वकील नव्हता. त्याच्यावर कधी आरोपपत्र दाखल झाले नाही, खटला चालला नाही, शिक्षा झाली नाही. तरीही विद्यापीठाने काढून टाकले आणि एन.बी.ए.चे सर्व दरवाजे बंद झाले. तो चिल्लर संघटनांतून खेळला. चार वर्षे ग्लोबट्रॉटर्सबरोबर लोकांना हसवत गावोगाव फिरला. अखेर पिट्सबर्गच्या रोझलिन आणि डेव्हिड लिटमन या वकील दांपत्याने त्याची बाजू घेऊन एन.बी.ए.ला कोर्टात खेचले. १९६९ साली संघटनेने तडजोड केली. त्याला दहा लाख डॉलरहून अधिक भरपाई आणि खेळण्याची परवानगी मिळाली. सत्ताविसाव्या वर्षी, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली असताना, तो फिनिक्सकडून मैदानात उतरला आणि पहिल्याच हंगामात एन.बी.ए.च्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत निवडला गेला.

भरपाईचे पैसे मिळाले. पण १९ ते २७ ही आठ वर्षे कोणत्या बँकेतून परत आणायची?

त्याच वस्तीतला, त्याच प्रकरणात भरडलेला दुसरा मुलगा रॉजर ब्राउन. त्याच्यावरही गुन्हा शाबित झाला नाही. तो डेटन शहरात कारखान्यात काम करू लागला. १९६७ साली एका प्रतिस्पर्धी संघटनेतील इंडियाना संघाने त्याला शोधून काढले आणि त्याने त्या संघाला तीन अजिंक्यपदे मिळवून दिली. एन.बी.ए.त मात्र तो कधीच खेळला नाही. २०१३ साली त्याचे नाव सन्मान दालनात गेले, तेव्हा त्याला जाऊन सोळा वर्षे झाली होती.

हा दुसरा 'जर' कधी बदलतो? कोणीतरी दार ठोठावतो तेव्हा. मिसिसिपी राज्यातील स्पेन्सर हेवूडचे उदाहरण घ्या. कापूस वेचणाऱ्या आईचा हा मुलगा. १९६८ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याने देशाला ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवून दिले. पण एन.बी.ए.चा नियम असा, की शाळा सुटल्यावर चार वर्षे झाल्याशिवाय खेळाडू घ्यायचा नाही. म्हणजे महाविद्यालयांच्या संघांना फुकटात खेळाडू मिळायचे आणि गरिबाच्या घरी चार वर्षे चूल थंड राहायची. सिएटल संघाने १९७० साली हेवूडला घेतले, तसा वाद पेटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ मार्च १९७१ रोजी त्याच्या बाजूने निर्णय लागला आणि तो खेळू लागला. त्यानंतर संघटनेला हलाखीच्या स्थितीतील मुलांसाठी नियम सैल करावा लागला. पुढे कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स हे शाळेतून थेट एन.बी.ए.त आले, ते हेवूडने पाडलेल्या वाटेने. हेवूड गप्प बसला असता तर?

तिसरा 'जर' : आपल्या हातातला

तिसरा 'जर' सांगताना जीव जड होतो. घरातील तरुण मुलांनी हा भाग जरूर वाचावा.

लेन बायस हा मेरिलँड विद्यापीठाचा खेळाडू. वय बावीस. पुष्कळ जाणकार त्याची तुलना जॉर्डनशी करीत. १७ जून १९८६ रोजी बोस्टनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. बोस्टन त्याच महिन्यात अजिंक्य झाला होता. म्हणजे सर्वांत बलवान संघाला सर्वांत गुणी तरुण मिळाला. बोस्टनला जाऊन तो परत आला आणि मित्रांबरोबर रात्री आनंद साजरा केला. त्या आनंदात कोकेन होते. १९ जूनच्या सकाळी त्याचे हृदय बंद पडले. निवड होऊन दोन दिवस झाले होते.

बायस जगला असता तर बोस्टनला किती अजिंक्यपदे मिळाली असती, याची चर्चा आजही होते. बोस्टनला पुढचे अजिंक्यपद मिळायला २००८ साल उजाडले. पण माझ्या मते खरा 'जर' मैदानाबाहेरचा आहे. त्याच्या मृत्यूने अमेरिका हादरली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेने अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा घाईने केला. त्यात एक विचित्र हिशेब होता. श्रीमंतांच्या मेजवान्यांत चालणारे कोकेनचे पांढरे चूर्ण ५०० ग्रॅम सापडले तर किमान पाच वर्षे कैद. गरीब वस्तीत खड्यांच्या रूपात विकले जाणारे 'क्रॅक' नुसते ५ ग्रॅम सापडले तरी तेवढीच कैद. माल मुळात एकच, पण शिक्षेत शंभर पटींचा फरक! बायसने घेतले होते ते पांढरे चूर्ण. तुरुंगात गेली ती बहुतांश गरीब वस्त्यांतली कृष्णवर्णीय मुले. २०१० साली हा फरक अठरा पटींवर आणला गेला. तोवर किती घरांतले कमावते हात तुरुंगात गेले असतील, याचा विचार करा.

म्हणजे एका रात्रीची चूक एका मुलाच्या हातची होती. पण तिचा दंड त्याच्याच समाजातील हजारो घरांनी भरला. ज्यांच्याकडे आधीच संशयाने पाहिले जाते, त्यांच्यातील एकाचा पाय घसरला तर जग सगळ्यांनाच घसरलेले समजते. हा न्याय नव्हे, पण व्यवहार असा आहे. बायसच्या आईने, लोनिस बायस यांनी, रडत घरात बसणे नाकारले. चार वर्षांनी त्यांचा दुसरा मुलगाही गोळीबारात मारला गेला. तरी ही माउली शाळाशाळांतून फिरून दुसऱ्यांच्या मुलांना सावध करीत राहिली.

हिशेब

तेव्हा वाचकहो, यापुढे घरात कोणी 'असे झाले असते तर' म्हणाले, तर लगेच आत्याबाईच्या मिशा काढू नका. आधी विचारा, हा 'जर' कुठल्या जातीचा?

नाण्याचा असेल, तर हसून सोडून द्या. मुलाला शाळेच्या संघात दुसरा क्रमांक मिळाला, चिठ्ठी दुसऱ्याची निघाली, तर त्यावर आठवडाभर रुसून बसू नये.

आपल्या हातातला असेल, तर तो घडायच्या आधी ओळखा. पोराच्या हातात पहिला पगार येतो, निवड होते, पास झाल्याचा निकाल लागतो, ती आनंदाची रात्रच सांभाळायची असते. दुःखाच्या रात्री सगळे सोबत असतात. आनंदाच्या रात्री पोराला कोण सोबत करते, हे आईबापांनी पाहावे.

आणि बंद दाराचा असेल, तर मात्र सोडू नका. नावे लिहून ठेवा, वर्षे मोजा, कागद जपा. हॉकिन्सला न्याय मिळाला, कारण कोणीतरी हिशेब ठेवला आणि कोर्टाची पायरी चढले. रेन्सचे ८८ सामने आज आपण सांगू शकतो, कारण कोणीतरी ते मोजून ठेवले.

बॉब डग्लसने संघ काढला तेव्हा त्याच्याकडे मैदान नव्हते, म्हणून तो नाचाच्या फरशीवर खेळला. दार उघडण्याची वाट पाहत तो हातावर हात ठेवून बसला असता तर?

सुदैवाने, हा 'जर' घडला नाही.